जास्तीचे तीन हजार दोनशे

माझी मावसबहीण पुण्यात एका खासगी दवाखान्यात सिस्टर आहे. काही दिवसांपूर्वी नाईट संपवून घरी आली, चहा टाकला आणि मोबाईल बघितला. पगार जमा झाला होता, नेहमीपेक्षा ३,२०० रुपये जास्त. ना कसलं पत्र, ना मेट्रनचं बोलावणं. चहा उतू गेला तेव्हा ती भानावर आली. मला फोन करून म्हणाली, "ताई, बसू का गप्प?" आणि स्वतःच हसली.

हसली, कारण वॉर्डात ती कधीच गप्प बसत नाही. इन्सुलिन भरताना बाटली ४० युनिटची आहे की १०० ची, हे ती बघते. मग शेजारच्या सिस्टरला दाखवते, तेव्हाच सुई टोचते. केसपेपरवरचा डोस वेगळा वाटला, तर रात्री दोन वाजता ड्युटी डॉक्टरला उठवते. त्यात डॉक्टरवर अविश्वास नसतो. नीट खात्री करून घ्यायची, एवढंच. मग पगाराच्या आकड्यापाशीच जीभ का अडखळावी? विचारलं तर पैसे परत जातील, ही भीती असतेच. पण तिच्या बोलण्यात मला आणखी एक गोष्ट ऐकू आली. "माझा पगार कोण वाढवणार? चुकूनच आले असतील." इतकी वर्षं रात्री जागून काढल्या, तरी कुणी आपल्या कामाची दखल घेतली असेल हे तिच्या मनातच येत नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मी म्हटलं, आधी पगाराची स्लिप उघड. मूळ पगाराची ओळ हलली असेल तर ती खरी वाढ. भविष्य निर्वाह निधीची १२ टक्के कपातही सहसा तिच्या मागोमाग वाढते. रात्रपाळीचा भत्ता किंवा मागचा फरक असेल तर त्याची ओळ वेगळी दिसते. सरकारी नोकरीत हे सोपं असतं. वेतनवाढीचा दिवस ठरलेला, सेवापुस्तकात नोंद. खासगीत विचारावंच लागतं. चुकून जास्त आलेला पगार पुढे कापूनही घेतात, आणि तोवर तो खर्च झालेला असतो. (सरकारी नोकरीतल्या तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली म्हटलं आहे. पण निकाल उशाशी घेऊन कुणाला झोप लागते?) तिच्या स्लिपवर मूळ पगार तेवढाच होता. खाली 'इतर' अशी एक नवी ओळ होती, ३,२०० ची. 'इतर' म्हणजे काय, हे स्लिप थोडंच सांगते!

सोमवारी ती पाळीच्या आधी दहा मिनिटं अकाउंट्सच्या खिडकीशी गेली. माफी मागितली नाही, गाऱ्हाणं केलं नाही. वॉर्डात विचारते तसंच विचारलं, "सर, या महिन्यात ३,२०० जास्त आलेत. कशाचे आहेत, सांगाल का?" त्यांनी चष्मा वर केला. म्हणाले, "सिस्टर, पैसे कमी आले म्हणून रोज कुणी ना कुणी येतं. जास्त आले म्हणून आलेल्या तुम्हीच. बघून सांगतो, दोन दिवस द्या." ती वर वॉर्डात गेली, मागच्या पाळीचा चार्ज घेतला आणि कामाला लागली. त्या दोन दिवसांचे आता पाच झालेत. पैसे खात्यात तसेच आहेत. उद्या चहाच्या सुट्टीत ती पुन्हा खिडकीशी जाणार आहे. जाताना स्लिपची झेरॉक्स नेणार आहे म्हणे.