क्रोध आणि त्याचें नियमन

क्रोध मुळांतच त्याज्य, कीं योग्य मर्यादेंत तो आवश्यक, हा नीतिशास्त्रांतील जुना वाद आहे. धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें गोरोबाकाकांच्या समाधीस जाणाऱ्या भाविकांस या वादाला लागू पडणारी एक कथा ठाऊक असते. गोरोबांनीं जमलेल्या संतांचीं मस्तकें थापटण्यानें ठोकून पाहिलीं; इतर स्वस्थ राहिले, नामदेव मात्र रागावले व ‘कच्चें मडकें’ ठरले. पक्क्या माणसास राग येतच नाहीं, असा निष्कर्ष यावरून सर्रास काढण्यांत येतो. आमच्या मतें तो घाईचा आहे. आणि या कामीं आपल्या देहाची साक्ष काढण्यासारखी आहे.

रोगजंतूंचा शिरकाव होतांच शरीराच्या रक्षक पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ यांसारखे दाह उत्पन्न करणारे रेणू सोडतात. ताप, सूज, लाली व वेदना हीं त्यांचीं फळें. हा देहाचा क्रोधच होय, व त्यावांचून देह तगणार नाहीं. परंतु हे रेणू घडविण्याची आज्ञा देणारें एनएफ-कप्पा-बी नांवाचें प्रथिन त्याच वेळीं स्वतःस जखडणारें दुसरें प्रथिनही घडवूं लागतें. शिवाय टीएनएफची आज्ञा फार काळ टिकूं दिली जात नाहीं. ती वेळींच नष्ट करणाऱ्या प्रथिनावांचून जन्मलेले उंदीर संधिवातानें ग्रासले व खंगत गेले, असें १९९६ सालीं आढळून आलें.

हें नियमन ढळलें म्हणजे काय होतें, तें २०२०-२१ सालीं महाराष्ट्रांतील कितीएक घरांनीं पाहिलें. कोरोनाच्या अनेक गंभीर रुग्णांत विषाणूइतकाच देहाचा अनावर दाहही फुप्फुसांस घातक ठरला. डेक्सामेथासोन या दाहशामक औषधानें कृत्रिम श्वासावर ठेवलेल्या रुग्णांचे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें घटले, असें इंग्लंडांतील २०२० सालच्या चाचणींत दिसलें. मात्र ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना त्याचा लाभ झाला नाहीं. सरसकट शमन हाही उपाय नव्हे, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

देहाच्या व्यवहारावरून नीति सिद्ध होत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पेशी आपला लगाम उपजतच घेऊन येते. माणसास तो अभ्यासानें कमवावा लागतो. तथापि अन्याय डोळ्यांदेखत घडत असतां ज्याचें रक्त तापत नाहीं, त्यास आम्ही शांत म्हणणार नाहीं, बधिर म्हणूं. नामदेवांचा राग क्षम्य होता. पण ते तो पंढरपुरापर्यंत घेऊन गेले, व तेथें विठ्ठलाजवळ त्यांनीं गाऱ्हाणें मांडलें, असें कथा सांगते. त्यांचें कच्चेपण आम्हांस येथें दिसतें. पक्कें मडकें ठोकलें असतां वाजतें, कच्च्याहून खणखणीत वाजतें. मात्र तें वाजत राहत नाहीं.