आपल्यांविरुद्धची साक्ष

जुलूम सोसणारा आपला असला, की आपला आवाज सहज उठतो. जुलूम करणारा आपला असेल तेव्हा काय? न्यायनिष्ठेची खरी कसोटी तेथेच लागते.

18 फेब्रुवारी 1943 रोजी जर्मनीतील म्युनिक विद्यापीठात हान्स शोल आणि त्याची बहीण सोफी पत्रके ठेवताना पकडले गेले. ‘शुभ्र गुलाब’ या त्यांच्या लहानशा गटाने नाझी राजवटीविरुद्ध पत्रके काढली होती. पोलंडमध्ये ज्यूंची कत्तल चालली आहे, हे त्यांतील एका पत्रकाने जर्मनांना सांगितले होते. मारणारे राज्य त्यांचेच. मरणारे ना त्यांच्या धर्माचे, ना देशाचे. चार दिवसांनी त्या दोघांचा आणि सहकारी क्रिस्टोफ प्रोब्स्टचा शिरच्छेद झाला. सोफी 21 वर्षांची होती.

न्यायालयाने त्यांना देशद्रोही ठरविले. पवित्र कुरआनचा निकष वेगळा आहे. सूरह निसाच्या 135 व्या आयतीची आज्ञा अशी, की अल्लाहसाठी न्यायाची साक्ष द्यावी, मग ती स्वतःविरुद्ध वा आईवडिलांविरुद्ध का जाईना. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जुलमी बंधूलाही साहाय्य करण्यास सांगितले, ते कसे, असे विचारले असता, त्याला जुलमापासून रोखणे हेच साहाय्य, असा खुलासा केला. ते विद्यार्थी मुसलमान नव्हते. पण आपल्या देशबांधवांचे हे साहाय्य त्यांनी प्राण देऊन केले.

दूरच्या पीडितांसाठी आपण दुआ करतो, करावीच. पण आपल्या घरी बहिणीला वारसाहक्क मिळाला आहे काय? उद्या आपलीच मुले हे विचारतील, तेव्हा त्यांना उद्धट म्हणून गप्प बसवू नये. साक्षीदाराचे तोंड दाबणे हाही जुलूमच आहे.