तीन इंजिने, एक ड्रायव्हर

‘खरं सांगू का, गेल्या तीन-साडेतीन वर्षांत शहरांची जेवढी कामं झाली, तेवढी आधीच्या दहा वर्षांत झाली नव्हती. कारण मध्ये कोणी नव्हतं.’

हे वाक्य एका निवृत्त सनदी अधिकाऱ्यांचे. प्रसंग परिसंवादाचा, विषय केंद्र, राज्य आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यातला समन्वय. ‘मध्ये कोणी’ म्हणजे नगरसेवक. सभागृहात हशा पिकला, टाळ्या पडल्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत एरवी लोकशाहीच्या नावाने गळा काढणारे माझे दोन-तीन मित्रही होते. माझे बोलून झाले होते, त्यामुळे व्यासपीठावरून उत्तर देता आले नाही. चहाच्या वेळी काहीबाही बोललो, तर त्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवून ‘तुम्ही लेखक मंडळी!’ एवढेच म्हटले. तेव्हा जे सुचले नाही ते आता लिहितो आहे. लेखात विचार असतील, पण मूळ हेतू उट्टे काढण्याचा आहे, हे संपादकांना आधीच सांगून ठेवले आहे.

त्याच व्यासपीठावर दुसऱ्या एका वक्त्याने ‘ट्रिपल इंजिन’चा जप केला. आधी इंजिने दोन होती, केंद्र आणि राज्य. २०२३च्या जुलैत राज्य सरकारात तिसरा पक्ष आला तेव्हा त्यालाच तिसरे इंजिन म्हटले गेले. पुढे पालिका निवडणुका तोंडावर आल्यावर तिसरे इंजिन म्हणजे महापालिका असा नवा अर्थ निघाला. वर, मध्ये आणि खाली एकाच रंगाचे सरकार असले की निधी घाट चढून सुसाट येतो, असा या घोषणेचा भावार्थ.

माझे बालपण कर्जतला गेले, त्यामुळे एकाहून जास्त इंजिनांच्या गाड्यांविषयी कोणी मला शिकवू नये. पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, भोरघाट चढण्यासाठी तिला मागून ‘बँकर’ इंजिने लागतात आणि लोणावळ्याला ती सुटतात. तेवढ्या वेळात आम्ही पोरे गाडीच्या शेपटाशी जाऊन उभी राहायचो. पुढच्या ड्रायव्हरने शिट्टी द्यायची, मागच्याने उत्तराची शिट्टी द्यायची, मगच गाडी हलायची. म्हणजे मागच्या इंजिनात माणूस असायचा आणि त्याचे उत्तर आल्याशिवाय पुढच्याचे काही चालायचे नाही. इंजिने जोडण्याची दुसरीही एक पद्धत आहे. दोन इंजिने एकामागे एक लावायची आणि दोन्ही पुढच्याच केबिनमधून चालवायची. मागच्या केबिनमध्ये कोणी नसते. ताकद दुप्पट, डोके एक. घोषणा देणाऱ्यांना यांतली कोणती जोडणी अभिप्रेत आहे, हे विचारायला हवे होते. विचारण्याची खरे तर गरज नाही, कारण दुसरी जोडणी आपण प्रत्यक्ष वापरून पाहिली आहे.

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. त्यानंतर तिथे प्रशासक आला. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयातली प्रकरणे अशी कारणांची साखळी लांबत गेली आणि एकेक करून राज्यातल्या सगळ्या २९ महापालिकांची सभागृहे रिकामी झाली. जालना आणि इचलकरंजी या नव्या महापालिकांनी तर तोवर सभागृह पाहिलेच नव्हते. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे घटनेचे कलम २४३-यू सांगते. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून बजावले आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ही मुदत दिली. दरम्यान मुंबईचे २०२५-२६चे ७४,४२७ कोटी रुपयांचे अंदाजपत्रक प्रशासनाने प्रशासनापुढे मांडले आणि प्रशासनानेच मंजूर केले. समन्वय म्हणावा तर याहून परिपूर्ण कुठला? एका हाताने दुसऱ्या हाताला टाळी दिली.

मी नगरसेवकांचा वकील नाही. टक्केवारी, ठेकेदार, फ्लेक्स आणि पेव्हर ब्लॉक या चतुःसूत्रीवर चालणारी सभागृहे मीही पाहिली आहेत. जकातीवर तर मी स्वतः तोंडसुख घेतले आहे. माझ्या काकांचा टेम्पो होता. नाक्यावरची रांग, पावतीवरची खाडाखोड, ‘वरचे’ पैसे हे सगळे आमच्या घरात जेवताना चघळले जायचे. राज्यातल्या बहुतेक शहरांतून जकात २०१० ते २०१३ या काळात टप्प्याटप्प्याने गेली, तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून त्यालाही नकोसे केले आणि २०१५च्या ऑगस्टपासून तोही बहुतेकांसाठी गेला. मुंबईत जकात १ जुलै २०१७पर्यंत टिकली. जीएसटी आला आणि नाके उठले. त्या दिवशी काकांनी पेढे वाटले, आणि मी खाल्ले.

पेढा घशाखाली उतरल्यावर काही महिन्यांनी लक्षात आले की नाक्याबरोबर आणखी एक गोष्ट उठली आहे. जकात मुंबईची सर्वांत मोठी कमाई होती, वर्षाला सुमारे सात हजार कोटी. ती वाईट होती, पण स्वतःची होती. तिच्या जागी राज्य सरकारने कायदा करून भरपाई देऊ केली, दरवर्षी आठ टक्के वाढीसह. पहिला धनादेश ६४७ कोटींचा होता आणि तो समारंभपूर्वक दिला गेला. स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या घरात अचानक मनीऑर्डर येऊ लागली. रक्कम कमी नसते हो. पण मनीऑर्डरीची वाट पाहणारा माणूस पोस्टमनशी भांडत नाही.

ज्या जीएसटी परिषदेत या नव्या कराचे निर्णय होतात तिचे गणित पाहा. केंद्राच्या मताला एकतृतीयांश वजन, सर्व राज्यांना मिळून दोनतृतीयांश, निर्णयाला तीनचतुर्थांश बहुमत. बेरीज पूर्ण एक होते. महापालिका आणि ग्रामपंचायती यांचा वाटा किती, असा प्रश्न विचारायला त्या बेरजेत जागाच नाही. जीएसटीच्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांसाठी एक कर मात्र आवर्जून राखून ठेवला : करमणूक कर.

इथे मला माझा आवडता साक्षीदार उभा करायचा आहे. ग्रामपंचायतींचा विषय निघाला की विद्वान मंडळी १९४८च्या डॉ. आंबेडकरांना बोलावतात. मी आधी १९२५च्या आंबेडकरांना बोलावतो. त्या वर्षी त्यांचा ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’ हा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. कोलंबिया विद्यापीठाच्या डॉक्टरेटसाठी लिहिलेला हा प्रबंध आपण नावाने ओळखतो, वाचत नाही. विषय रुक्ष : १८३३पासून कलकत्त्याच्या सरकारने प्रांतांच्या खर्चाची व्यवस्था कशी लावली. आधी सगळा पैसा केंद्राचा. खर्च करणाऱ्या प्रांताला कर बसवण्याची जबाबदारी नाही, त्यामुळे जो जास्त आरडाओरडा करील त्याच्या पदरात जास्त पडायचे. मग व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने १८७१पासून तुरुंग, पोलीस, शिक्षण, रस्ते अशी खाती प्रांतांकडे सोपवली आणि त्यांच्यासाठी ठोक रकमा नेमून दिल्या. १८७७ साली काही महसूल नेमून दिले, १८८२ साली काही महसुलात वाटा दिला. याला सगळे विकेंद्रीकरण म्हणत होते.

आंबेडकरांनी त्या शब्दाची सालपटे काढली. त्यांनी विचारले ते जमाखर्चाच्या पुढचे होते. हा महसूल कायद्याने प्रांताचा आहे का? कर बसवण्याचा हक्क त्याला आहे का? ही खाती त्याची स्वतःची आहेत, की दुसऱ्याची चालवायला दिलेली? उत्तरे नकारार्थी आली. प्रांतांचे अंदाजपत्रक वेगळे छापले जात होते, पण प्रांत हे केंद्राचे खातेच होते. हिशेबाची वही वेगळी केली म्हणून घर वेगळे होत नाही.

आता ‘प्रांत’च्या जागी ‘महापालिका’ घाला. बाराव्या परिशिष्टात शहरांसाठी १८ विषय आहेत, अकराव्यात गावांसाठी २९. दिलेली कामे मोजायची तर यादी भरघोस आहे. पण मुंबईत राज्य सरकारचे महानगर विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) वेगळे, घरबांधणीची म्हाडा वेगळी, झोपडपट्टी पुनर्वसन वेगळे. स्मार्ट सिटी आली तेव्हा प्रत्येक शहरात कंपनी कायद्याखाली वेगळी कंपनी. आयुक्त राज्याने नेमलेला. जकातीच्या जागी ठोक रक्कम. १८७१ आणि आज यांत फरक दाखवायचा तर एवढाच की मेयोने समारंभ करून धनादेश दिल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

आणि इथे खरा अपराधी दिल्लीत बसलेला नाही, हे सांगायला हवे. जीएसटीची भरपाई थकली तेव्हा महाराष्ट्राने केंद्राच्या नावाने केलेली तक्रार रास्तच होती. पण तेच राज्य मुंबईत बसून खालच्यांशी कसे वागते? सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा कायदा २०१७ साली आला, २०२० साली गेला, २०२२ साली परत आला. सरकारे वेगवेगळ्या पक्षांची होती. गावांना कोणी विचारले नाही. वर हात पसरायचा आणि खाली मूठ आवळायची, यावर मात्र सर्वपक्षीय समन्वय आहे.

इथवर मला टाळ्या मिळाल्या असत्या. पण आता १९४८चे आंबेडकर दारात उभे आहेत आणि त्यांना बाहेर ठेवता येत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी गावगाड्याचे वाभाडे काढले. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे घर, असे त्यांचे मत होते. पंचायतींचे कलम ४० नंतर के. संथानम यांच्या दुरुस्तीने आले आणि आंबेडकरांनी ते स्वीकारले. त्याआधी १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकालाही त्यांनी विरोध केला होता. कारण स्पष्ट होते. गावाला सत्ता म्हणजे गावातल्या बलवानाला सत्ता, आणि दलितांना त्या पंचायतीत स्वतःचे, हक्काचे प्रतिनिधित्व नसेल तर ती त्यांच्या मानेवरची आणखी एक सुरी.

हा आक्षेप मी अनेक वर्षे ‘त्या काळापुरता खरा’ म्हणून टाळत आलो. तो टाळण्यासारखा नाही. पाणवठ्यापासून स्मशानापर्यंत ज्यांना गावाने अडवले त्यांना आधार मिळाला तो बहुधा वरच्या कायद्याचा, वरच्या न्यायालयाचा. स्थानिक ते सारे सुंदर, ही समजूत शहरात राहणाऱ्या, गावी फक्त आंब्यांच्या दिवसांत जाणाऱ्या माझ्यासारख्यांना परवडते. म्हणजे सनदी साहेबांचे बरोबर? मधला माणूस काढलेलाच बरा?

मागे एका मे महिन्यात आजोळी गेलो होतो. ग्रामपंचायत कार्यालयात मामेभावाबरोबर दाखल्यासाठी बसलो होतो. सरपंच बाई आल्या. राखीव जागेवर निवडून आलेल्या, वस्तीवरच्या. त्यांना वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची फुटलेली मोरी बांधायची होती, पावसाच्या आत. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने समजावले : पंधराव्या वित्त आयोगाचा साठ टक्के पैसा बंधित, तो पाणी आणि स्वच्छतेलाच लागतो. उरलेल्या अबंधित पैशाचा आराखडा आधीच ‘अपलोड’ झालेला. आराखड्याच्या मोहिमेचे नाव ‘आमचा गाव, आमचा विकास’. मग बाईंनी विचारले, ‘माझी सही कुठंय?’ संगणक ऑपरेटरने ड्रॉवर उघडला. आत रबर बँडने बांधलेली दोन पेनड्राइव्हसारखी डोंगल होती, एक सरपंचांचे, एक अधिकाऱ्याचे. सरपंचांची डिजिटल सही ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये राहत होती. बाईंनी आपले डोंगल उचलले, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले आणि म्हणाल्या, ‘मोरीचं बघा, मग बिलं काढायला या माझ्याकडं.’

ऑफिस गप्प झाले. बाईंच्या सहीशिवाय एक रुपयाही निघणार नव्हता.

मला माझे उत्तर तिथे मिळाले. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना मुदत दिली, निवडणूक दिली आणि त्याबरोबर अनुसूचित जाती-जमातींना व स्त्रियांना राखीव जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११पासून स्त्रियांच्या जागा निम्म्या केल्या. १९३२चा आक्षेप त्यामुळे संपला असे मी म्हणणार नाही, पण त्याला मिळालेले उत्तर तेच आहे. आणि सभागृह रिकामे करून प्रशासक बसवला की बाहेर कोण जाते? बिल्डरचा माणूस जात नाही, त्याला मंत्रालयाची वाट ठाऊक असते. बाहेर जाते ती राखीव जागेवरची बाई. ‘मध्ये कोणी नव्हतं’ या वाक्यातली ‘कोणी’ ती आहे.

समन्वयाविषयी माझे मत इथे बदलले. तिन्ही सरकारांनी गुण्यागोविंदाने नांदावे असे मी परिसंवादात बोललो होतो. आता वाटते, नांदण्याआधी प्रत्येकाच्या हातात ‘नाही’ म्हणण्याची सोय हवी. ज्याला नकार देता येत नाही त्याचा होकार ही नुसती हजेरी असते. जीएसटी परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये सांगितले, तेव्हा संघराज्यात सहकार्याइतकीच झटापटीलाही जागा असते, हेही न्यायालयाने मान्य केले होते. राज्यांना तो निकाल आवडला. तो जिल्हा परिषदेपर्यंत पोचू द्यायला मात्र त्यांची तयारी नाही.

शेवटी साहेबांसाठी एक जुनी हकीकत. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेही निवडून आलेले नव्हे, सरकारनियुक्त. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचे होते. स्वागताच्या थाटमाटावर हजार रुपये खर्चण्याचा विषय आला. पैसा शिक्षणावर खर्च करा, असे म्हणून बत्तीस सभासदांत एकट्या फुल्यांनी विरोध केला. त्या दिवशी इतर सगळ्यांचा वरच्या सरकारशी उत्तम समन्वय होता. त्यांपैकी एकाचेही नाव मला माहीत नाही.

पुढच्या निवडणुकीत उमेदवार तुमच्या दारात येतील आणि वरून किती निधी आणू ते सांगतील. त्यांना चहा द्या आणि एकच विचारा : वरून आलेल्या कोणत्या गोष्टीला तुम्ही नाही म्हणाल? उत्तर सुचेपर्यंत त्यांना बसू द्या.