तीसपैकी पंधरा

नववीच्या वर्गात प्रश्नावली वाटली की एखादं मूल हमखास विचारतं, "सर, खरं लिहायचं की बरोबर?" मी दर वेळी "खरं" असं सांगतो, आणि दर वेळी वर्ग थोडा गोंधळतो. शाळेत याआधी कुणी त्यांना असा पर्याय दिलेला नसतो.

मॉरिस रोझेनबर्ग यांची आत्मसन्मान मापनी मुळात हायस्कूलच्या मुलांसाठीच घडली. १९६५ साली ती पुस्तकातून आली; आधार होता न्यूयॉर्क राज्यातल्या १० शाळांमधल्या ५,०२४ मुलामुलींचा. विधानं दहाच, त्यांतली पाच नकारार्थी. डोळे मिटून सगळीकडे 'पूर्ण सहमत' म्हणणाऱ्याला या पाचांनी अडवावं, ही अपेक्षा. पण शून्य ते तीन असे गुण धरले तर अशा मुलाला सरळ विधानांचे पंधरा आणि उलट मोजलेल्यांचं शून्य मिळतं. तीसपैकी पंधरा. कंटाळलेलं पोर कागदावर मध्यम आत्मसन्मानाचं ठरतं!

शिवाय 'मी कुचकामी आहे' या अर्थाच्या वाक्याला 'असहमत' म्हणणं ही नकाराला नकार देण्याची कसरत. त्यातच, स्वतःविषयी अधिक आदर वाटायला हवा होता, अशा आशयाचं एक विधान आहे. रोझेनबर्ग यांच्या हिशेबात ती उणीव. नम्रतेच्या संस्कारात वाढलेल्या आपल्याकडच्या मुलीला तो चांगला संकल्प वाटू शकतो. अनेक देशांत हे विधान बाकीच्यांशी फटकून वागताना दिसलं आहे.

तरीही प्रबंधात लिहिलं जातं: 'मापनी विश्वसनीय आहे.' इथेच माझा आक्षेप आहे. विश्वसनीयता मापनीच्या अंगी नसते. ती त्या मुलांनी त्या दिवशी दिलेल्या उत्तरांची असते. निवडक हुशारांच्या तुकडीत गुणांचा पसारा आकसला की तीच मापनी, तीच विधानं, आणि गुणांक खाली येतो.

ली क्रोनबाख यांनी १९५१ साली विश्वसनीयतेच्या अल्फा या गुणांकावरचा लेख लिहिला. हा माणूस कधीकाळी हायस्कुलात गणित आणि रसायनशास्त्र शिकवत असे. सूत्र सोपं, आणि म्हणूनच फसवं. विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.३० असेल तर दहा विधानांचा प्रमाणित अल्फा ०.८१ भरतो, तशीच आणखी दहा घाला, ०.९० होतो. एकच गोष्ट शब्द फिरवून विचारत राहिलं तरी आकडा फुगतो. सूत्राला आपलं नाव चिकटलं याचा क्रोनबाख यांनाच संकोच होता. त्यांच्या निधनानंतर २००४ साली छापलेल्या लेखात त्यांनी तो नोंदवला, आणि अल्फावरच विसंबू नका असंही सुचवलं.

मग पंधरा दिवसांनी तीच चाचणी पुन्हा घ्यावी? पण मधल्या काळात सहामाहीचा निकाल लागलेला असतो, कुणाची जिवलग मैत्रीण बोलेनाशी झालेली असते. गुण बदलले तर ती मापनाची चूक की चौदाव्या वर्षाचं वास्तव? पुनर्चाचणीचा गुणांक दोन्हींना एकाच पोत्यात भरतो.

तेव्हा लघुप्रबंधात दुसऱ्याच्या मुलांचा ०.८१ उतरवून घेण्याआधी, मित्रहो, आपल्या मुलांच्या उत्तरांवरून गुणांक काढा. आणि त्याच्याही आधी कागद हातात घेऊन चाळा: पहिल्याच रकान्यात दहा खुणा असलेले किती निघतात ते मोजा.