हुकूम बजावणारा निर्दोषी आहे काय?

जुलमी राज्यकर्त्यांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतों. परंतु एका मनुष्याचा हात दूरच्या खेड्यापर्यंत कसा पोंचतो, ह्याचा विचार क्वचितच करतों. रशियाचा हुकूमशहा योसेफ स्टालिन ह्याचें उदाहरण पाहूं.

हा १८७८ सालीं जॉर्जिया प्रांतांतील गोरी गांवीं जोडे शिवणाऱ्याच्या घरीं जन्मला. त्यानें याजक व्हावें म्हणून आईनें त्यास तिफ्लिस येथील धर्मशिक्षणाच्या शाळेंत घातलें. परंतु १८९९ सालीं ती शाळा सुटली व तो क्रांतिकारकांत राहिला. १९२२ सालीं कम्युनिस्ट पक्षानें त्यास सरचिटणीस नेमिलें. हें काम पुष्कळांस केवळ कारकुनी वाटलें; परंतु कोणास कोठें नेमावें हें त्यामुळें त्याच्या हातीं आलें. १९२३ च्या आरंभीं आजारी लेनिननें, ह्यास त्या जागेवरून काढावें, असें लिहविलें. सोबत्यांनीं तें मनावर घेतलें नाहीं. १९२९ च्या सुमारास त्याला अडविणारा कोणी उरला नाहीं.

मग शेतकऱ्यांची पाळी आली. त्यांच्या जमिनी, जनावरें व नांगर सामाईक शेतांत ओढले गेले. ऑगस्ट १९३२ च्या कायद्यानें सामाईक धान्य चोरणाऱ्यास मृत्यूची, अथवा दया केल्यास दहा वर्षें कैदेची शिक्षा ठरली. पडलेलीं कणसें वेंचणारे उपाशी लोकही तींत सांपडले. १९३२-३३ सालीं युक्रेन, कझाकस्तान इत्यादि प्रांतांत लक्षावधि माणसें अन्नावांचून मेलीं; आणि त्याच वेळीं धान्य परदेशीं विकलें जात होतें. स्टालिननें स्वतः कोणाच्या झोंपडींत शिरून धान्य उचललें नाहीं. तें उचलणाऱ्यांत कित्येक त्याच गांवचे होते.

पुढें जुलै १९३७ मध्यें गुप्त पोलिसांच्या खात्यानें प्रत्येक प्रांतास आंकडे लावून दिले: इतक्यांस गोळी घालावी, इतक्यांस छावणींत धाडावें. गुन्हा शोधण्यापूर्वींच आंकडा ठरला! आणि कित्येक प्रांतांच्या अधिकाऱ्यांनीं तो वाढवून मागितला. १९३७-३८ ह्या दोन वर्षांत सुमारें ६,८०,००० माणसांस गोळी घालण्यांत आली. त्या खात्याचा मुख्य येझोव ह्याचीही १९४० सालीं तीच गत झाली.

कोणी म्हणेल, "हुकूम न मानावा तर आमचाच प्राण जाईल." हें खरें आहे, आणि भ्यालेल्या मनुष्यास दुरून दोष देणें सोपें आहे. तथापि जिवाच्या भयानें गप्प राहणारा आणि बढतीच्या लोभानें आंकडा वाढवून मागणारा हे सारखे नव्हेत. शिवाय बोलणें सर्वदा व्यर्थच होतें असेंही नाहीं. १९३३ सालीं मिखाइल शोलोखोव ह्या ग्रंथकारानें आपल्या डोन नदीकांठच्या तालुक्यांतील शेतकऱ्यांचे हाल थेट स्टालिनला पत्रानें कळविले. स्टालिननें उत्तरांत शेतकऱ्यांसच दोषी ठरविलें. तरी तालुक्यास धान्य पाठविलें.

५ मार्च १९५३ रोजीं स्टालिन मेला. १९५६ सालीं ख्रुश्चेवनें त्याचे अपराध पक्षापुढें मांडले. परंतु तो स्वतःही त्या काळीं हुकूम बजावणाऱ्यांपैकींच होता. सर्व दोष एका मेलेल्यावर घालणें जिवंतांस सोयीचें असतें.

ह्यास्तव, वाचकहो, हुकूम देणाराचा अपराध मोठा खरा. पण त्यानें बजावणाराचा अपराध फिटत नाहीं. अन्यायाचा कागद आपल्या हातीं येईल, तेव्हां त्यावर ज्याचें नांव आहे त्याच्या घरची चूल आठवावी, आणि मगच सही करावी कीं नाहीं तें ठरवावें.