थोरल्याच्या कपड्यांतला मुलगा

शास्त्रपाठ : उत्पत्ति २७:१५-१९, ३२:२४-२९

रिबकेने थोरल्याचे उंची कपडे काढून धाकट्याच्या अंगावर घातले, आणि याकोब दृष्टी मंदावलेल्या बापापुढे जाऊन उभा राहिला. तू कोण, असे बापाने विचारताच त्याने एसावाचे नाव सांगितले. आपण याला कपट म्हणतो. ते कपटच होते. परंतु त्या घरात बापाची प्रीती एसावावर व आईची याकोबावर, अशी वाटणी आधीच झालेली होती (२५:२८). बापाचा आशीर्वाद हवा तर थोरला होऊनच गेले पाहिजे, हे त्या मुलाने कोठे शिकावे?

आपल्या घरीही थोरल्याचा सदरा धाकट्याला येतो. त्यात वाईट काही नाही, काटकसर चांगलीच. पण सदऱ्याबरोबर थोरल्याचे गुण नि मार्कही त्याच्या अंगावर चढवले जातात. शब्बाथ शाळेत आम्ही शिक्षकदेखील, "अमक्याचा भाऊ ना तू?" असेच विचारतो. मूल मान हलवते. पुढे ते खोड्या करू लागले, की आम्हीच म्हणतो, थोरला असा नव्हता हो!

वीस वर्षांनंतर यब्बोकाच्या उताराजवळ झोंबी करणाऱ्याने याकोबाला त्याचे नाव विचारले. या वेळी त्याने स्वतःचे सांगितले. नवे नाव आणि आशीर्वाद त्यानंतर मिळाले.

येत्या रविवारी वर्ग भरण्यापूर्वी आम्ही हजेरीपट घेऊन बसणार आहोत. तीन मुलांची नावे आम्हांला अजून नीट ठाऊक नाहीत. तिघांचीही थोरली भावंडे आमच्याच हाताखालून गेली.