इतिवृत्तात न आलेला प्रश्न

कंपनी सचिव म्हणून मी 27 वर्षे संचालक मंडळांची इतिवृत्ते लिहिली. त्यांतली एक सभा आजही विसरता येत नाही. प्रवर्तकांच्या एका आप्ताची जमीन कंपनीने भाडेपट्ट्याने घ्यावी, असा ठराव होता. एका वयोवृद्ध स्वतंत्र संचालकांनी शांतपणे विचारले, “हा दर कोणी ठरवला?” अध्यक्ष म्हणाले, “साहेब, घरचाच व्यवहार आहे.” विषय तेथेच संपला. मी ‘एकमताने संमत’ असे लिहिले. प्रश्न मात्र लिहिला नाही.

स्वतंत्र संचालकाची कल्पना आपल्याकडे रुजली, त्यामागे ब्रिटनमधील 1992 च्या कॅडबरी अहवालाची प्रेरणा होती. तेथे मोठ्या कंपन्यांचे भांडवल असंख्य भागधारकांत आणि निवृत्तिवेतन निधींत विखुरलेले होते. मालक दूर, व्यवस्थापक सत्तेवर. म्हणून व्यवस्थापकावर अंकुश कसा ठेवावा, हा त्यांचा प्रश्न होता. बिर्ला समितीच्या शिफारशींवरून सेबीने 2000 साली सूचिबद्धता करारात कलम 49 आणले, तेव्हा आपण ते उत्तर बऱ्याच अंशी स्वीकारले. आपला प्रश्न मात्र वेगळा होता. येथे बहुसंख्य कंपन्यांत प्रवर्तक कुटुंबच सर्वांत मोठा मालक असते. लहान भागधारकाचे रक्षण करायचे ते या मोठ्या मालकापासून. आणि रक्षणकर्त्याची नेमणूक होते ती बहुधा त्याच मालकाच्या मतांनी.

डिसेंबर 2008 मध्ये ‘सत्यम’च्या संचालक मंडळाने संस्थापकांच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घेण्यास संमती दिली. त्या मंडळात नामवंत विद्वान होते. गुंतवणूकदारांच्या विरोधामुळे निर्णय मागे घ्यावा लागला आणि 7 जानेवारी 2009 रोजी संस्थापकांनी खोट्या हिशेबांची कबुली दिली. 2013 च्या कंपनी कायद्याने पुढे संबंधित पक्षांशी होणाऱ्या व्यवहारांवर बंधने घातली. भागधारकांच्या मंजुरीची गरज असेल तेथे हितसंबंधी भागधारकाला मतदान नाकारले.

तथापि विकसित देशांना प्रामाणिकपणाचा वारसा लाभला आहे, असे मानणे चूक ठरेल. 2001 मध्ये कोसळलेल्या ‘एनरॉन’च्या लेखापरीक्षण समितीचे अध्यक्ष लेखाशास्त्राचे प्राध्यापक होते. 2020 मध्ये जर्मनीतील ‘वायरकार्ड’च्या ताळेबंदातील 1.9 अब्ज युरो अस्तित्वातच नव्हते. मोह दोन्हीकडे सारखाच आहे. तेथे तो व्यवस्थापकाच्या दालनातून येतो, येथे बहुधा घराच्या उंबऱ्यातून. आणि घरच्या माणसाला हिशेब विचारणे आपल्या संस्कारांत अविश्वासाचे लक्षण मानले जाते. वस्तुतः ज्याची पुंजी आपल्या हाती आहे आणि जो सभेत उपस्थित नाही, त्याच्या वतीने विचारलेला प्रश्न हे विश्वस्ताचे कर्तव्य आहे.

संचालक मंडळाचे इतिवृत्त पाहण्याचा अधिकार भागधारकाला नसतो. म्हणूनच ते लिहिणाऱ्याचे उत्तरदायित्व अधिक आहे, हे मला उशिरा उमगले. पुढच्या सभांपासून मी मसुद्यात प्रश्नही लिहू लागलो. काही वेळा ते खोडले गेले. काही वेळा राहिले. त्या वृद्ध संचालकांचा प्रश्न मात्र कोणी खोडला नव्हता. तो मीच लिहिला नव्हता.